कमरेची कट्यार आणि खिशातला चाकू : दख्खनने बिनबिजागरीचे पाते का निवडले? (थ्रेड)

१/
मराठवाड्यातल्या कोणत्याही लग्नात, भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातही, नवरदेवाच्या हातात कट्यार दिसते. टोकाला लिंबू खोचलेले असते. धार बहुधा बोथट आणि म्यान मखमलीचे. नवरदेवाच्या हाती घडीचा चाकू मात्र कोणी देत नाही. हा केवळ रिवाज आहे, की त्यामागे काही इतिहास आहे?

२/
प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. जवळ बाळगायच्या पात्याचे जगभर दोन प्रकार आहेत. एकात पाते मुठीत कायमचे बसवलेले असते आणि ते म्यानात राहते. सुरी, खंजीर, कट्यार ही याची उदाहरणे. दुसऱ्यात पाते खिळ्याभोवती फिरून मुठीत मिटते. तो घडीचा चाकू. यांपैकी काय निवडायचे हे ठरवताना यंत्रशास्त्राइतकाच पोशाख, कायदा आणि सत्ता यांचाही हात राहिला आहे.

३/
आधी एक गैरसमज दूर करू. 'पूर्वीच्या लोकांना घडीचा चाकू माहीत नव्हता, म्हणून ते सुरी वापरत' हे खरे नाही. युरोपात हालस्टाट येथे सापडलेला, हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. रोमन लोकही असे चाकू वापरत. आणि भारतात?

४/
अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'तील शस्त्रांच्या यादीत जमधर, खंजीर, कार्द आणि चाकू यांची स्वतंत्र नोंद आहे. फारसीत 'कार्द' म्हणजे अखंड सुरी, तर 'चाकू' म्हणजे प्रामुख्याने मिटणारे पाते. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही प्रकार शस्त्रागारात शेजारी शेजारी होते. मराठीने हा शब्द घेतला आणि त्यातला घडीचा अर्थ सैल करून टाकला. आज मराठी स्वयंपाकघरात भाजी चिरायच्या साध्या सुरीलाही 'चाकू' म्हणतात. 'सुरी' हा शब्द मात्र संस्कृत 'छुरिके'कडून आलेला, आणि तो कधी मिटला नाही!

५/
बिजागरीची कारागिरीही इथे परकी नव्हती. घरोघरच्या पानाच्या डब्यात अडकित्ता होता, आणि तो बिजागरीवरच चालतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते पाहिले, तर या साध्या सांध्यावर कारागिरांनी किती नजाकत ओतली ते कळते. न्हाव्याचा वस्तराही मिटणाराच. मग लोहाराने कट्यारीला बिजागरी का लावली नाही?

६/
उत्तर अडकित्त्यातच आहे. सुपारी कातरताना हाताचा दाब अडकित्ता मिटण्याच्या दिशेनेच पडतो, म्हणजे सांधा कामाला मदत करतो. वस्तऱ्यावर दाब जवळजवळ नसतोच. पण खुपसताना, फांदी छाटताना किंवा दोर कापताना पात्यावर कोणत्याही बाजूने जोर येऊ शकतो. घडीच्या चाकूत तो सारा जोर एका खिळ्यावर आणि एका कमानीवर येतो. कमान सरकली की पाते मिटते, आणि ते बोटांवर मिटते. अखंड सुरीत पात्याचा मागचा भाग थेट मुठीत शिरलेला असल्याने असे सरकायला काहीच नसते. शिवाय चिखल, रक्त, धान्याची धूळ सांध्यात अडकण्याचा प्रश्नही उरत नाही.

७/
कट्यारीने हा विचार टोकाला नेला. तिची मूठ सुरीसारखी पात्याच्या रेषेत नसते. दोन समांतर पट्ट्यांमध्ये आडवी दांडी असते आणि ती मुठीत धरली की पाते थेट बोटांच्या पेरांपुढे येते. मनगट, कोपर, खांदा यांचे बळ एका सरळ रेषेत टोकापर्यंत पोचते. कित्येक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड केलेले असे, कारण समोरच्याच्या अंगात चिलखत असू शकते. दक्षिणेतल्या अनेक कट्यारींवर युरोपातून आलेली फिरंगी पाती जोडलेली आढळतात. पाते परदेशी चालले, पण रचना आपलीच ठेवली गेली.

८/
आता प्रतापगड, १० नोव्हेंबर १६५९. या भेटीवर असंख्य थ्रेड झाले आहेत. त्यातल्या शस्त्रांकडे मात्र फारसे कोणी रचनेच्या नजरेने पाहत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या बखरीनुसार मिठीत घेऊन वार केला तो अफझलखानाने. त्याच्या हाती जमदाड होती, म्हणजे कट्यारीच्याच कुळातले शस्त्र. 'यमदंष्ट्रा' या शब्दाशी तिचे नाव जोडले जाते. महाराजांच्या अंगातील चिलखतामुळे तो वार शरीरापर्यंत पोचला नाही. उत्तरादाखल डाव्या हातातले वाघनख आणि उजव्या हातातला बिचवा चालला.

९/
जमदाड, वाघनख, बिचवा. तीन शस्त्रे आणि एकातही बिजागरी नाही. प्रसंगाची वेळ पाहा. दोन माणसे एकमेकांच्या मिठीत, एकाची मान दुसऱ्याच्या काखेत दाबलेली, आणि हालचालीला वीतभर जागा. अशा क्षणी दोन्ही हातांनी पाते उघडणे, ते नीट अडकले का हे चाचपणे, या गोष्टी अशक्य असतात. शस्त्र एका हाताने बाहेर यावे आणि आले त्या क्षणीच पूर्ण असावे लागते. बिचव्याचे पाते नागमोडी आणि वजनाला हलके असते. बऱ्याच बिचव्यांच्या मुठीला कडे असते, त्यामुळे झटापटीत तो हातातून सुटत नाही.

(लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून २०२४ साली साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेले वाघनख 'तेच' आहे का? खुद्द त्या म्युझियमनेही तसा दावा केलेला नाही. ते ग्रँट डफकडे होते, इतकेच त्याच्या नोंदींतून कळते.)

१०/
रणांगणाइतकेच महत्त्व पोशाखाला आहे. सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठा माणसाच्या अंगात बाराबंदी असे, बंदांनी बांधायची आणि आजच्या अर्थाने बिनखिशाची. पैसे कनवटीला किंवा बटव्यात. कमरेला मात्र शेला नाहीतर पटका घट्ट गुंडाळलेला. त्यात कट्यार तिरपी खोचली की ती हलत नाही, बसता-उठता बोचत नाही, आणि समोरच्याला स्पष्ट दिसते. घडीचा चाकू ठेवायला खिसा लागतो. खिसाच नसेल, तर पाते मिटवून ठेवायचे कुठे?

११/
हे 'दिसणे' फार महत्त्वाचे होते. कमरेची कट्यार म्हणजे हा मनुष्य शस्त्र बाळगण्याच्या योग्यतेचा आहे याची उघड खूण. दरबारात मानाची वस्त्रे देताना शस्त्रेही दिली जात, ती याच भावनेतून. लपवता येणारे पाते त्या काळच्या नजरेत प्रतिष्ठेचे नव्हते. 'गुप्ती' या शब्दाला आजही संशयाचा वास आहे.

१२/
पिंपळगाव रेणुकाईच्याच जिल्ह्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीच्या बाजूचे १५०० हून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या तोफांच्या माऱ्यातून पुढे सरकलेल्या पायदळाने शेवटी संगिनींचा वापर केला.

संगीन म्हणजे काय? बंदुकीच्या तोंडावर घट्ट बसवलेले अखंड पातेच. या तत्त्वाचा रणांगणावर पराभव झालेला नव्हता. ते पाते शिपायाच्या शेल्यातून सरकारी बंदुकीवर गेले होते. आता ते त्याचे उरले नव्हते, पलटणीचे झाले होते.

१३/
पुढचा घाव कायद्याने घातला. १८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे आले आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यार बाळगायला परवाना आवश्यक ठरला. मात्र युरोपियनांना यातून सूट होती. डंख तिथे होता. तलवार बाळगणे गुन्हा आहे की नाही हे आता माणसाच्या कातडीवर ठरत होते. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदलाची मागणी केली, ती या अपमानापोटी.

(जालना-भोकरदनचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा तिथे थेट लागू नव्हता.)

१४/
कमरेवरून कट्यार उतरली आणि त्याच सुमारास शहरी मराठी माणसाच्या अंगावर खिशाचा कोट चढला. त्या खिशात शेफील्डचा घडीचा चाकू आला. कारकुनाला बोरू तासायला, विद्यार्थ्याला शिसपेन्सिल करायला, वकिलाला लखोटा फोडायला तो उपयोगी होता. कामे हलकी होती, आणि हलक्या कामाला घडीचा चाकू उत्तमच. तेव्हा त्याची निवड चुकीची ठरवण्याचे कारण नाही. निवडणाऱ्याचे आयुष्य बदलले होते, इतकेच.

१५/
शेतीतही घडीच्या चाकूने आपली जागा मिळवली. जालना जिल्हा मोसंबीचा. मोसंबीची कलमे डोळा भरून करतात. खुंटाच्या सालीत उभा-आडवा छेद देऊन निवडक डोळा आत बसवायचा असतो. त्याला वस्तऱ्यासारखी धार लागते आणि ती दिवसभर जपावी लागते. मिटणारे पाते ती धार आपल्याच मुठीत सांभाळते. म्हणून कलमे बांधणाऱ्याच्या खिशात बहुधा छोटा घडीचा चाकू असतो. त्याच शेतात निंदायला खुरपे, कापणीला विळा आणि फांदीला कुऱ्हाड. तिथे बिजागरीला थारा नाही.

१६/
मग अखंड पाते रोज कमरेला बाळगण्याची परंपरा मराठवाड्यातून साफ पुसली गेली का? नाही. नांदेडला चला. १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, तिथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब आहे. अमृतधारी शिखांची कृपाण ही आजही नित्य अंगावर असणारी अखंड पात्याची वस्तू आहे. शिखांच्या आग्रहापुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारला कृपाणीसाठी शस्त्रकायद्यात सूट द्यावी लागली. पुढे भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे व जवळ बाळगणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला गेला. कट्यारीसाठी असा आग्रह कोणी धरला नाही. ती लग्नमंडपात गेली.

१७/
दरम्यान घडीच्या चाकूची प्रतिमा बिघडली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू, म्हणजेच 'रामपुरी', मुंबईत गल्लीतल्या दादाचे हत्यार म्हणून ओळखला जाऊ लागला. हिंदी चित्रपटाने त्यावर शिक्का मारला. 'वक्त' (१९६५) मधला राज कुमार आणि त्याच्यासमोरचा रामपुरी आठवावा. खिशात मावणे आणि न दिसणे हे त्याचे गुणच आता त्याच्यावरचे आरोप झाले.

१८/
स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा, अंमल १९६२ पासून. त्याखालच्या १९६२ च्या नियमांनी पात्याला बिजागरी आहे की नाही हे विचारलेच नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते, आणि ते घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल तर ते शस्त्र, अशी सर्वसाधारण कसोटी होती. दिल्लीत मात्र १९८० च्या अधिसूचनेने कमानीच्या आणि बटनाच्या चाकूंवर खास नजर ठेवली. तिथे ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीपासूनच पाते कायद्याच्या कक्षेत येते. म्हणजे ९ इंची सुरीपेक्षा ३ इंची खटक्याचा चाकू सरकारला जास्त संशयास्पद वाटला!

१९/
महाराष्ट्रात आणखी एक तरतूद आहे. १९५१ च्या पोलीस कायद्याचे कलम ३७. सण, मोर्चा, निवडणूक अशा वेळी या कलमाखाली आदेश निघाला की तलवार, भाला, सुरा, काठी, काहीही घेऊन फिरण्यास बंदी येते. अखंड आणि घडीचे हा भेद तिथे पूर्ण मिटतो. 'रोज जवळ बाळगायला कोणता चाकू चांगला' ही चर्चा परदेशी व्हिडिओंत रंगते. तिथली उत्तरे जशीच्या तशी इथे आणणाऱ्याने हे कलम आधी वाचावे.

२०/
शेती आणि घरगुती वापराच्या त्या सवलतीत एक जुनी गोष्ट शिल्लक राहिली. कोकणात माडा-पोफळीच्या बागेत काम करणाऱ्याच्या कमरेला आजही आकडी असते आणि आकडीत कोयता अडकवलेला. ना म्यान, ना खटका. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे, आणि हवा तेव्हा कोयता एका हाताने बाहेर. शेल्यातल्या कट्यारीची सारी सोय तिथे जशीच्या तशी आहे.

२१/
आणि त्याच कोयत्यावरून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विक्रेत्यांना सूचना गेल्या. रस्त्यांवर कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव वाढला होता, त्यामुळे कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहण्यास दुकानदारांना सांगण्यात आले. ऊस तोडणाऱ्या मजुराला आणि नारळ सोलणाऱ्या गाडीवाल्याला आपल्या अवजारासाठी ओळखपत्र काढावे लागले. लिंबू टोचलेली कट्यार तेव्हाही मंडपवाल्याकडे भाड्याने मिळत होती.