श्वासनळीतल्या फुग्याची कुळकथा

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या घशातली नळी लगेच काढता येत नाही. रुग्ण व्हेंटिलेटरवरच आयसीयूत येतो. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना नळी ठाऊक असते. तिच्या टोकाशी, श्वासनळीच्या आत, हवेनं फुगवलेला एक छोटा फुगा असतो हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही. त्याला कफ म्हणतात. व्हेंटिलेटरनं दिलेली हवा बाजूनं निसटू नये आणि तोंडातली लाळ, घाण फुफ्फुसात उतरू नये, ही त्याची दोन कामं.

या फुग्याचा मूळपुरुष जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग. तोंडा-घशाच्या शस्त्रक्रियेत रक्त फुफ्फुसात उतरे, म्हणून त्यानं गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घालायच्या नळीभोवती रबरी फुगा बसवला आणि १८७१ साली त्याचं वर्णन छापलं. १८९३ साली व्हिक्टर आयझेनमेंगरनं तोंडावाटे घालायच्या नळीला कफ जोडला. आतला फुगा किती फुगला ते कळावं म्हणून बाहेर एक छोटा जोडफुगाही ठेवला. तोच आजचा पायलट बलून. म्हणजे दाबाची काळजी या घराण्यात दुसऱ्याच पिढीत आली होती, पण ती मोजमापापर्यंत पोचायला पाऊण शतकाहून जास्त काळ गेला.

मधल्या काळात अमेरिकेत भूलतज्ज्ञ आर्थर ग्युडेलनं रबरी हातमोज्यांच्या बोटांपासून कफ करून पाहिले. फुगा हवाबंद बसतो हे पटवायला त्यानं भूल दिलेल्या कुत्र्याला नळी घालून पाण्यात बुडवून ठेवलं; कुत्रा सुखरूप बाहेर आला. राल्फ वॉटर्ससोबतचा त्याचा लेख १९२८ चा. तेव्हा सगळं लक्ष गळती थांबवण्यावर होतं, आणि तासा-दोन तासांच्या भुलेसाठी ते पुरेसंही होतं.

मग १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून रुग्णांच्या गळ्यात कफ असलेली नळी घातली गेली आणि सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनं हातानं पिशवी दाबून श्वास देत राहिले. माणसं वाचली. पण तासांसाठी घडवलेला फुगा आता दिवस अन् आठवडे श्वासनळीत राहू लागला. या कथेतलं खरं वळण मला इथे दिसतं. वाचून घरी गेलेले काही रुग्ण पुढे धाप लागून परत येऊ लागले. कडक रबराच्या कफनं आतलं अस्तर चेपून तिथला रक्तपुरवठा तोडलेला असे. जखम भरताना श्वासनळी आक्रसे. बोस्टनच्या जोएल कूपर आणि हर्मिस ग्रिलो यांनी १९६९ साली ही इजा कफच्या जागीच कशी होते ते दाखवलं. त्यातून मोठे, पातळ, कमी दाबाचे कफ आले.

कफ मऊ झाला तरी त्यात जास्त हवा भरता येतेच. १९८४ साली सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी दुर्बिणीतून श्वासनळीचं अस्तर पाहिलं: पाण्याच्या ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त दाब झाला की रक्तपुरवठा घटू लागतो. खालची कड स्पेनमधल्या रेयो आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासानं पक्की केली: दाब २० च्या खाली राहिला तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. आज पाळतात ती २० ते ३० ची मर्यादा अशी दोन बाजूंनी ठरत आली.

पायलट बलून बोटांनी दाबून अंदाज घेण्याची सवय मात्र अजून आहे, सायकलची हवा अंगठ्यानं बघतात तशी. अनुभवी बोटंही इथे फसतात. त्यात शस्त्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो कफच्या पडद्यातून आत शिरतो आणि दाब आपोआप चढतो. म्हणून ऑपरेशन थिएटरमधून आलेल्या रुग्णाच्या कफचा दाब गेज लावून नव्यानं मोजायलाच हवा; पुढेही दर पाळीला, आणि कूस बदलल्यावर. गेज जोडताना थोडी हवा निसटते, तेव्हा काटा २० ते ३० च्या मर्यादेत आणूनच ते काढावं.

ही शिस्त मोठ्या शहरांपुरती राहू नये. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, म्हणजे हे काम हातात घेणारी नवी पिढी आता जिल्ह्यातच शिकते आहे. हे गेज साधं असतं, त्याला वीज लागत नाही. जिल्ह्यातल्या देवरी किंवा सालेकशाहून आलेल्या रुग्णाच्या खाटेशी ते असायलाच हवं, असं मला कळकळीनं वाटतं. आणि रुग्णाला पुढे नागपूरला हलवायचं ठरलं, तर ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्याआधी मोजलेला आकडा रेफरच्या कागदावर लिहून द्यावा.