कोळशाकडून तेलाकडे

वाफेची जहाजे कोळशाऐवजी तेलावर चालू लागली, हे आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचून पुढे जातो. त्या ओळीमागे काय दडले आहे, ते पाहू.

एक किलो चांगला दगडी कोळसा जाळला तर सुमारे ३० मेगाज्यूल उष्णता मिळते, तर एक किलो खनिज तेलापासून सुमारे ४२. कोळसा भट्टीत टाकायला फावडी घेऊन माणसे राबत. तेल नळीतून वाहते, राख जवळजवळ ठेवत नाही आणि भर समुद्रातही एका जहाजातून दुसऱ्यात भरता येते. त्यामुळे १९११ मध्ये ब्रिटनचे नौदलमंत्री झालेल्या विन्स्टन चर्चिल यांनी नव्या मोठ्या युद्धनौका केवळ तेलावर चालवायच्या असे ठरवले.

विज्ञानाच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता. पण उत्तम कोळसा ब्रिटनच्या घरचा, वेल्सच्या खाणींतला होता. तेल घरात नव्हते. इंधन बदलले आणि आरमार परक्या जमिनीवर अवलंबून राहिले.

ती जमीन पर्शियाची, म्हणजे आजच्या इराणची. १९०१ मध्ये तिथल्या शहाने विल्यम नॉक्स डार्सी यांना तेलाचा ६० वर्षांचा मक्ता दिला होता. मोबदला होता निव्वळ नफ्याचा १६ टक्के वाटा. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली. १९१४ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारने तिचे ५१ टक्के भाग विकत घेतले. आता तेलाचे मोठे गिऱ्हाईक आणि विहिरीचा मालक एकच झाला.

१९५० च्या सुमारास ही कंपनी ब्रिटिश सरकारला जो कर भरी, तो इराणला मिळणाऱ्या स्वामित्वधनाच्या कितीतरी पट होता. शेजारच्या सौदी अरेबियाला मात्र त्याच वर्षी निम्मा नफा मिळू लागला. १९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि मोहम्मद मोसाद्देक पंतप्रधान झाले.

विहिरी इराणच्या झाल्या, पण तेलवाहू जहाजे आणि बाजारपेठ त्याच्या हाती नव्हती. ब्रिटनने तंत्रज्ञ परत बोलावले आणि बहिष्कार पुकारला. १९५२ मध्ये इराणी तेल घेऊन निघालेले 'रोझ मेरी' हे जहाज एडनला नेऊन अडकवण्यात आले. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी गुप्तहेर संस्थांच्या मदतीने मोसाद्देक यांचे सरकार उलथवले गेले. आपला हात त्यात होता, हे अमेरिकेच्या सीआयएची २०१३ मध्ये खुली झालेली कागदपत्रेच सांगतात. १९५४ च्या नव्या करारात अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला. इराणी जनतेच्या मनात राहिलेला सल १९७९ च्या क्रांतीतही जाणवला.

यावरून आपण काय शिकायचे? इंधन निवडताना उष्मांक, वेग आणि खर्च मोजावाच लागतो. पण ते कोणाच्या जमिनीत आहे, कोण वाहून नेतो, कोण विकत घेतो आणि निघते तिथल्या माणसांना काय मिळते, हेही विचारले पाहिजे.

सूर्यप्रकाशाला कोणी तोटी बसवू शकत नाही. पण त्याची वीज साठवणाऱ्या अनेक बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते आणि जगातले निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या खाणींतून निघते. मुलांपुढे नकाशा पसरून वरचे चारही प्रश्न कोबाल्टबद्दल विचारून पाहावेत.