दमा आणि ऋतुमान : बुलढाणा जिल्हा

दमा हा श्वासनलिकांच्या दीर्घकालीन दाहाचा विकार आहे. दाहामुळे नलिकांचे अस्तर सुजलेले आणि हळवे राहते. निमित्त मिळताच भोवतीचे स्नायू आकसतात, कफ दाटतो आणि धाप, घरघर, ढास, छाती आवळणे ही लक्षणे दिसू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात सुमारे 26 कोटी 20 लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षात सुमारे 4 लाख 55 हजार जण त्याने दगावले. हवा बदलली म्हणून निरोगी माणसाला एकाएकी दमा जडत नाही. आधीच हळव्या झालेल्या नलिकांना बदलती हवा डिवचते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात तमकश्वासाचे वर्णन आहे. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, रुग्णाला आडवे होता येत नाही, बसल्यावर आराम वाटतो आणि उष्ण पदार्थ हवेसे वाटतात, असे तेथे सांगितले आहे. रुग्णाजवळ बसून केलेले हे निरीक्षण आजही पटते. बुलढाणा जिल्ह्यात त्याला शेतीच्या हंगामाची जोड द्यावी लागते. येथे कोणत्या महिन्यात हवेत काय उडते, हे बहुतांशी पिके ठरवतात.

जिल्ह्याची हवा सर्वत्र सारखी नाही. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा आहे. त्याखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सखल, काळ्या मातीचा पट्टा, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे पठार. बुलढाणा शहर सुमारे 650 मीटर उंचीवर आहे. राजूर घाट उतरून मलकापूरकडे गेले की हवेतला फरक अंगाला जाणवतो. घाटावरची थंड हवा दम्याला चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही. उन्हाळ्यात ती सुखावते; हिवाळ्याच्या पहाटे त्याच गारव्याने ढास लागते.

मृगाच्या सुमारास पाऊस सुरू झाला की धूळ बसते आणि काही रुग्णांना बरे वाटते. हा आराम फार दिवस टिकत नाही. ओल धरलेल्या मातीच्या भिंती, गळके छप्पर, न वाळलेले कपडे, धान्याची पोती यांवर बुरशी चढते. गाद्या-गोधड्यांतील धूळकीटक डोळ्यांना दिसत नाहीत. दमट हवेत ते झपाट्याने वाढतात आणि त्यांच्या विष्ठेतील प्रथिने हे दम्याचे मोठे कारण आहे. त्याच सुमारास शाळा उघडतात आणि सर्दीचे विषाणू वर्गातून घरी पोचतात. लहान मुलांच्या दम्याचे झटके बहुतेक वेळा अशा सर्दीपाठोपाठ येतात, म्हणून पावसात भिजण्यापेक्षा घरात शिंकणाऱ्या माणसाची धास्ती अधिक बाळगावी. श्रावण-भाद्रपदात धुऱ्यांवर, पडीक वावरांत आणि रस्त्यांच्या कडेला गाजर गवत फुलते. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आता विदर्भभर पसरले आहे. त्याच्या परागांनी नाक चोंदते, डोळे खाजतात आणि दमा असलेल्यांची छाती भरते.

परतीच्या पावसात गडगडाटी वादळे होतात तेव्हा गवते फुलोऱ्यात असतात. ओलाव्याने परागकण फुटतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण वादळाच्या वाऱ्याबरोबर जमिनीलगत पसरतात. अखंड परागकण नाकातच अडकतो. हे तुकडे थेट फुप्फुसात उतरतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात 21 नोव्हेंबर 2016 च्या वादळानंतर हजारो लोकांना एकाच वेळी धाप लागली आणि 10 जणांचा मृत्यू झाला. धाप लागलेल्यांपैकी अनेकांना आधी फक्त परागांची सर्दी होत असे. विजा कडाडत असताना दारे-खिडक्या लावून घेण्याचा आपल्याकडचा जुना रिवाज दम्याच्या रुग्णासाठी याही कारणाने उपयोगाचा आहे.

जिल्ह्यात सर्वांत जपावे लागते ते सोयाबीनच्या सोंगणीपासून दिवाळीपर्यंत. दिवस तापलेला आणि रात्र गार, असा हा काळ. सोंगलेल्या पिकाच्या सुड्यांवर पाऊस पडला तर आत बुरशी धरते. मग मळणीयंत्र सुरू झाले की बुरशीचे बीजाणू, माती आणि टरफलांचा भुसा एकदमच उडतो. सोयाबीनच्या टरफलाचा दम्याशी असलेला संबंध स्पेनमधील बार्सिलोना शहरात उघड झाला. 1981 ते 1987 या काळात तेथे काही ठरावीक दिवशी रुग्णालयांत दम्याच्या रुग्णांची अचानक रीघ लागे; अशा 26 साथी नोंदल्या गेल्या. बंदरात सोयाबीन उतरवण्याचे दिवस आणि साथींचे दिवस जुळले, तेव्हा कोठाराला गाळणी नसल्याचे आढळले. वारा मंद आणि हवा कोंडलेली असली की टरफलांची धूळ शहरावर रेंगाळत असे. गाळण्या बसवल्यावर साथी थांबल्या. तीच टरफले येथे उघड्या वावरात उडतात. मोकळ्यावर धूळ लवकर विरते, पण यंत्राच्या तोंडाशी उभे राहणाऱ्या मजुराला, कुटार भरणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा ओढणी जाड माती अडवते. बारीक कण सहज आत शिरतात. नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-95 मास्क हाच खरा आडोसा, आणि तो मळणीच्या मजुरीबरोबरच दिला गेला पाहिजे.

याच दिवसांत फटाके येतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांच्या धुराचे मापन केले तेव्हा 2.5 मायक्रॉनहून बारीक कण सर्वाधिक आढळले ते सापाच्या गोळीत. आवाज होत नाही म्हणून निरुपद्रवी समजून हा फटाका लहानग्यांच्या हाती दिला जातो.

कापसाचा हंगाम पुढे हिवाळाभर चालतो. खामगावची कापूसपेठ जुनी आहे. तिथल्या आणि मलकापूरच्या जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी करताना तंतूंची धूळ उडते. अशा धुळीने होणारा बिसिनोसिस हा दम्यासारखा भासणारा वेगळा विकार आहे. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. दम्याच्या रुग्णाची मात्र ती धूळ रोजच परीक्षा पाहते.

हिवाळ्यातील थंड, कोरडी हवा श्वासनलिकांच्या अस्तरातून पाणी आणि उष्णता ओढून घेते. त्यामुळे तेथील पेशींतून हिस्टामिन व तत्सम द्रव्ये सुटतात आणि नलिका आकसतात. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते. वरच्या उबदार थराखाली ती कोंडते आणि धूर वर जाऊ शकत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील गावांवर पहाटे दिसणारा निळसर पट्टा हाच. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या, अंगणात शेकोटी, वावरात पेटवलेला काडीकचरा असा हा धूर असतो. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी पोचला, तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच तापते. दम्याचा जोर तसाही मध्यरात्रीनंतर वाढतो, कारण त्या वेळी शरीरातील कॉर्टिसोल आणि ॲड्रेनलीन ओसरलेले असते. त्यातच पहाटे ओलिताला जाण्याची वेळ आली की झटका येतो.

उन्हाळा बहुतेकांना सुसह्य जातो. वावटळीची धूळ आणि न धुतलेल्या कूलरच्या ताट्यांवरील बुरशी ही तेव्हाची मुख्य निमित्ते.

लोकपरंपरेने दम्याच्या औषधासाठी नेमलेले दोन दिवस ऋतूंच्या सांध्यावर येतात. मृगाला हैदराबादच्या बाथिनी कुटुंबाकडे जिवंत माशातून दिले जाणारे औषध घ्यायला महाराष्ट्रातूनही लोक जातात, आणि कोजागिरीच्या रात्री विदर्भात ठिकठिकाणी खिरीतून औषध वाटतात. दमा कधी उसळतो याची लोकांना असलेली अचूक जाण या दिवसांत दिसते. औषधांच्या गुणाला मात्र शास्त्रीय पुरावा नाही, आणि त्यांच्या भरवशावर नेहमीचा उपचार सोडणे जिवावर बेतू शकते.

नेहमीचा उपचार म्हणजे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड. ते दाह शमवते आणि बरे वाटत असतानाही घ्यावे लागते. लोक ज्या इनहेलरला ‘पंप’ म्हणतात त्याची सवय लागते, हा समज जिल्ह्यात खोलवर रुजला आहे आणि त्याने मोठे नुकसान केले आहे. केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर भागवल्यास नलिका तात्पुरत्या उघडतात, दाह तसाच राहतो. म्हणून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 पासून फक्त त्यावर विसंबू नये असे सांगितले आहे. हंगामाबरोबर त्रास वाढणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोंगणीच्या काही आठवडे आधीच मात्रा ठरवून घ्यावी. पंप 30 अंशांच्या आत ठेवायचा असतो. वैशाखात टिनाच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत तो याहून कितीतरी जास्त तापतो, म्हणून घरातील सर्वांत गार कोपऱ्यात, उन्हापासून दूर ठेवावा. पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा श्वासागणिक बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.