रेसिंग ट्रॅकवर प्रेक्षक घुसला तर काय होतं? जाळी, मार्शल आणि सुरक्षेचे नियम, वाचा सविस्तर

मोटारींची शर्यत बघायला गेलेल्या प्रत्येकाला एकच वाटतं, अजून थोडं पुढं सरकावं. जाळीच्या मागून मजा येत नाही, मोबाईलमध्ये व्हिडिओ नीट येत नाही. "एक पाऊल पुढं गेलो तर काय बिघडतंय?" असं म्हणून माणूस दोरी ओलांडतो. या एका पावलानं जगभरात अनेक जीव गेले आहेत. पाऊल टाकणारा तर गेलाच, पण काही वेळा गाडी चालवणारा आणि शिस्तीत उभे असलेले लोकही त्यात सापडले.

रेसिंगच्या मैदानावर एवढा बंदोबस्त कशासाठी असतो, तो कोणत्या अपघातांनंतर आला आणि आपल्या भागातून रॅली जात असेल तर कुठं उभं राहायचं, याची माहिती घेऊया.

आधी हिशोब समजून घ्या

फॉर्म्युला वनची गाडी सरळ पट्ट्यावर ताशी २८० किलोमीटरने सहज धावते. म्हणजे एका सेकंदाला जवळपास ७८ मीटर. ट्रॅकची रुंदी साधारण १२ ते १५ मीटर असते. माणूस जीव खाऊन पळाला तरी ती ओलांडायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी अडीचशे मीटर पुढं आलेली असते. म्हणजे गाडी पाव किलोमीटर लांब असताना तुम्ही पळायला लागलात, तरी पलीकडं पोचेपर्यंत ती तुमच्या अंगावर आलेली असते.

गावाकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रॅलीचंही तसंच. ताशी १२० किलोमीटरची गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. पाच मीटरचा रस्ता चालत ओलांडायला आपल्याला साडेतीन-चार सेकंद लागतात. त्यात गाडी सव्वाशे मीटर येते. रस्त्याला वळण असेल, कडेला बाभळी असतील, तर सव्वाशे मीटरवरची गाडी दिसतच नाही. खडी-मातीच्या रस्त्यावर ब्रेक मारला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, घसरत जाते.

आपल्या डोळ्याला एसटी, ट्रॅक्टर, दुचाकी यांच्या वेगाचा अंदाज आहे. रेसच्या गाडीला तो अंदाज लागू पडत नाही. फसगत होते ती इथंच.

जाळी आणि भिंत कुठून आली?

फार पूर्वी ट्रॅकच्या कडेला मातीचा बुटका बांध आणि साधं कुंपण एवढंच असायचं. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधल्या ल मान्स इथं २४ तासांची शर्यत सुरू होती. पिटसमोर, म्हणजे गाड्या इंधन भरायला थांबतात त्या जागेसमोर, पिएर लेव्हेग यांची मर्सिडीज पुढच्या गाडीला मागून धडकली, हवेत उडाली आणि कडेच्या बांधावर आदळून फुटली. तिचे तुकडे गर्दीत घुसले. लेव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक मरण पावले. मोटार शर्यतीच्या इतिहासातला हा सर्वात भीषण अपघात मानला जातो. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या देशात ट्रॅकवरच्या शर्यतींवरच बंदी घातली. ती पूर्णपणे उठायला २०२२ साल उजाडलं.

इथं प्रेक्षकांची काहीच चूक नव्हती. ते त्यांना दिलेल्या जागेवरच उभे होते. चूक होती व्यवस्थेची. गाड्यांचा वेग वाढला, पण कडेचा बांध तसाच राहिला.

दोनच वर्षांनी, मे १९५७ मध्ये, इटलीत मिले मिलिया ही एक हजार मैलांची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून चालली होती. ग्विडित्सोलो गावाजवळ एका फेरारीचं टायर फुटलं आणि गाडी रस्त्याकडेच्या लोकांत शिरली. गाडीतले दोघे आणि नऊ प्रेक्षक गेले. त्या नऊ जणांत पाच लहान मुलं होती. मिले मिलियाची वेगाची शर्यत त्या वर्षीच बंद पडली.

आज मोठ्या ट्रॅकवर प्रेक्षक आणि गाडी यांच्यामध्ये आधी मोकळी जागा, मग लोखंडी किंवा काँक्रीटची भिंत, टायरचे थर आणि त्यावर पोलादी तारांची उंच जाळी असते. प्रेक्षकांची गॅलरी त्याच्याही मागं असते. तरीही धोका पूर्ण संपत नाही. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथं अपघातग्रस्त गाडीचं चाक निखळून उडालं. कुंपणात ठेवलेल्या फटीतून ते पलीकडं गेलं आणि तिथं ड्युटीवर असलेल्या मार्शलचा जीव गेला. जाळीला मुद्दाम पाडलेलं भोक किंवा बाजूला सारलेलं बॅरिकेड किती महाग पडू शकतं, ते यावरून कळेल.

मदतीला धावणाराही सुरक्षित नसतो

५ मार्च १९७७ ची दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी ट्रॅकवरची घटना रेसिंगच्या जगात कोणी विसरलेलं नाही. एक गाडी पिटच्या समोरच्या बाजूला बंद पडली आणि तिला थोडी आग लागली. दोन मार्शल आग विझवायला ट्रॅक ओलांडून धावले. पुढचा चढ असल्यानं मागून येणाऱ्या गाड्या त्यांना दिसत नव्हत्या आणि ड्रायव्हरनाही माणसं दिसली नाहीत. पहिला मार्शल पलीकडं पोचला. दुसरा, अवघ्या १९ वर्षांचा, हातात आग विझवण्याचा जड सिलिंडर घेऊन पळत होता. टॉम प्राइस यांच्या गाडीची त्याला धडक बसली. तो जागीच गेला. सिलिंडर प्राइस यांच्या डोक्यावर आदळला आणि त्यांचाही मृत्यू झाला.

ज्या गाडीसाठी हे दोघे धावले, तिचा ड्रायव्हर मात्र सुखरूप राहिला.

प्रशिक्षण घेतलेल्या, चांगल्या हेतूने धावलेल्या माणसाची ही गत होते. मग सेल्फीसाठी घुसणाऱ्याची काय होईल?

गर्दीने रस्ता अडवला तर

बंद ट्रॅकपेक्षा रॅलीत धोका जास्त, कारण ती डोंगर-शेतातून जाणाऱ्या रस्त्यांवर होते आणि सगळीकडं जाळी लावता येत नाही. १९८० च्या दशकात युरोपात 'ग्रुप बी' नावाच्या अतिशय ताकदवान गाड्या रॅलीत धावायच्या. पोर्तुगालमध्ये तर लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि गाडी जवळ आली की शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचे. जाता जाता गाडीला हात लावणं ही मर्दुमकी समजली जायची.

मार्च १९८६ मध्ये सिंत्राजवळ जे व्हायचं तेच झालं. एका फोर्ड गाडीचा ताबा सुटला आणि ती गर्दीत घुसली. तीन जण मरण पावले, तीसहून जास्त जखमी झाले. नावाजलेल्या ड्रायव्हरनी एकत्र येऊन पुढं गाडी चालवायला नकार दिला. दोन महिन्यांनी कोर्सिकातल्या रॅलीत ड्रायव्हर आणि त्यांचा साथीदार असे दोघे गेले. त्यानंतर पुढच्या वर्षापासून ग्रुप बी गाड्यांवर बंदी आली.

मुद्दाम ट्रॅकवर उतरणारे

काही जण तर ठरवूनच घुसतात. २००० मध्ये जर्मनीच्या हॉकेनहाईम ट्रॅकवर शर्यत चालू असताना एक माणूस चालत आला. २००३ मध्ये इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोनवर एक जण फलक घेऊन समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिशेनं धावत सुटला. एका मार्शलने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला ओढून बाहेर काढलं. त्या माणसाला तुरुंगवास झाला. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या आघाडीच्या धावपटूला ढकलणारा माणूसही हाच. त्या ब्राझीलच्या धावपटूला शेवटी तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं.

२०१५ मध्ये सिंगापूरला आणि चीनमध्ये शांघायलाही असे प्रकार घडले. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला आंदोलक ट्रॅकवर जाऊन बसले. मोठ्या अपघातामुळं शर्यत नुकतीच थांबवली होती, म्हणून गाड्यांचा वेग कमी होता, नाहीतर अनर्थ झाला असता.

२०२३ मध्ये मेलबर्नला घुसलेले लोक मात्र साधे चाहतेच होते. शर्यत पूर्णपणे आटोपण्याआधीच मोठा जमाव कुंपण ओलांडून ट्रॅकवर आला. काही जण तर बंद पडून उभ्या असलेल्या गाडीपर्यंत पोचले. त्या गाडीचा दिवा लाल चमकत होता. आजच्या फॉर्म्युला वन गाडीत मोठी बॅटरी असते. हिरवा दिवा असेल तर गाडीला हात लावणं सुरक्षित, लाल असेल तर विजेचा धक्का बसू शकतो. ही गोष्ट गर्दीतल्या किती जणांना माहीत असेल?

मार्शल म्हणजे कोण?

ट्रॅकच्या कडेला नारिंगी किंवा पांढऱ्या कपड्यात झेंडे घेऊन उभे असतात ते मार्शल. यातले बहुतेक जण हौसेनं काम करणारे स्वयंसेवक असतात. त्यांचे झेंडे ओळखून ठेवा:

- पिवळा झेंडा: पुढं धोका आहे, वेग कमी करा, कुणाला मागं टाकू नका.
- दोन पिवळे झेंडे: धोका जास्त आहे, ट्रॅकवर माणसं असू शकतात, थांबायची तयारी ठेवा.
- लाल झेंडा: शर्यत थांबवली.
- काळे-पांढरे चौकोन: शर्यत संपली. पण गाड्या अजून ट्रॅकवर असतात, हे लक्षात ठेवा.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. शर्यत संपली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. काही ट्रॅकवर शेवटी प्रेक्षकांना आत सोडतात, पण सगळ्या गाड्या आत गेल्यावर आणि गेट उघडल्यावरच.

भारतात काय घडलं?

२०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. सरावाच्या पहिल्याच सत्रात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला. लोक हसले. पण ताशी अडीच-तीनशेच्या वेगात कुत्रं आडवं आलं तरी ड्रायव्हरच्या जिवावर बेततं.

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात घडलं ते मात्र काळीज हलवणारं होतं. राष्ट्रीय रॅलीच्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली. तिच्यावर नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा होता. वेगात आलेल्या स्पर्धेच्या गाडीने धडक दिली आणि तिघेही गेले. रस्ता त्यांच्या रोजच्या वहिवाटीचा होता. शर्यतीच्या दिवशी तोच रस्ता ट्रॅक बनतो, हे प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक बांधावर पोचलं पाहिजे. आपल्या राज्यातही नाशिक परिसरात राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, त्यामुळं हा विषय आपल्यापासून लांबचा नाही.

रॅली बघायला जाताय? एवढं पाळा

१. रॅलीच्या आधी आयोजकांच्या गाड्या जातात. त्यांच्यावर '०००', '००' आणि '०' असे आकडे असतात. '०' ची गाडी गेली की काही मिनिटांत पहिली स्पर्धक गाडी येते. त्यानंतर रस्ता ओलांडायचा नाही म्हणजे नाही.

२. एक गाडी गेली म्हणून रस्त्यावर उतरू नका. मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतरानं पुढची येतच असते. शेवटची बंद करणारी गाडी गेल्यावर आणि मार्शलने सांगितल्यावरच रस्ता मोकळा झाला समजा.

३. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका. ताबा सुटलेली गाडी तिकडंच फेकली जाते. वळणासमोर सरळ जाणारी पायवाट असेल, तर तीही मोकळी सोडा.

४. रस्त्यापेक्षा खाली, चारीत किंवा खड्ड्यात उभं राहू नका. उंचावर आणि रस्त्यापासून लांब उभे राहा, मागं पळायला जागा ठेवा.

५. गाडी येणाऱ्या दिशेला तोंड ठेवा. रस्त्याकडं पाठ करून सेल्फी काढू नका.

६. लहान मुलांचा हात सोडू नका. त्या दिवशी जनावरं आणि कुत्री बांधून ठेवा.

७. लावलेली पट्टी किंवा बॅरिकेड हलवू नका. शेतात जायचंच असेल तर मार्शलला विचारा, वेळ कळली की तसं नियोजन करता येतं.

८. अपघात झाला तर आधी मार्शलला कळवा. तो मागच्या गाड्या थांबवेल. गाड्या थांबल्याशिवाय मदतीलाही रस्त्यावर धावू नका. गरज पडली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा.

जबाबदारी एकट्या प्रेक्षकाची नाही

वरच्या घटना नीट पाहिल्या तर दोन प्रकार दिसतात. पोर्तुगालात लोकांनी जागा सोडली. ल मान्समध्ये लोक जागेवर होते, पण ती जागाच धोक्याची होती. म्हणून आयोजकांनी रस्ता कधी बंद आणि कधी चालू, हे गावात दवंडी, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरून आधी सांगायला हवं. शेतात जाणाऱ्या प्रत्येक फाट्यावर माणूस उभा हवा. रुग्णवाहिका नावापुरती उभी न करता तिला बाहेर पडायला रस्ता मोकळा हवा. गर्दी आवरेना, तर शर्यत थांबवायची तयारी हवी.

आपल्या बैलगाडा शर्यतींनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर घाट पुन्हा गजबजले. बारी सुटली की कडेचे लोक मोबाईल धरून आत झुकतात, पोरं धावपट्टीत उतरतात. बैल असो की मोटार, वेगात आलेल्याला ऐनवेळी वळता येत नाही. त्यामुळं पुढच्या यात्रेला जाल तेव्हा दोरीच्या मागं उभे राहा आणि शेजारचं पोरगं पुढं सरकलं, तर त्यालाही हाताला धरून मागं घ्या.