कुत्र्याला फिरवायचं कधी? दक्षिण ध्रुवावरून आलेलं उत्तर



आजचा विषय वरवर पाहिला तर इतिहासाचा वाटणारच नाही. प्रश्न साधा आहे. बाहेर हवामान भयंकर असेल, तर कुत्र्याला फिरवायचं कसं? नागपूरला, अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. मुंबईत तेवढं ऊन नसतं, पण घामानं जीव जातो. घरात मात्र एक प्राणी दारापाशी शेपटी हलवत उभा असतो. त्याला हवामान खात्याचा इशारा कळत नाही, त्याला बाहेर जायचं असतं.

या प्रश्नावर डोकं लावलेली माणसं शोधत गेलो, तर मी थेट अंटार्क्टिकाला पोचलो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे गेलेल्या मोहिमांचं यश कुत्र्यांवर अवलंबून होतं. कुत्रं आजारी पडलं, सुस्तावलं, त्याचे पाय गेले, की मोहीम संपली. त्यामुळे कुत्र्याला किती पळवायचं, कधी पळवायचं आणि कधी अजिबात नाही, याचा विचार त्या लोकांनी फार बारकाईने केला होता.

आधी थोडं शरीरशास्त्र. आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला येत नाही. त्याला घाम येतो तो जेमतेम पंज्यांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, ते म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंडातला ओलावा उडून जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते.

बर्फात हीच गोष्ट वरदान ठरते. १९११ साली दक्षिण ध्रुवाकडे दोन तुकड्या निघाल्या. इंग्रज कॅप्टन स्कॉटचा भर होता तट्टं आणि मोटरच्या स्लेजवर. थोडी कुत्रीही होती, पण मुख्य भिस्त त्यांच्यावर नव्हती. नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनची सगळी भिस्त कुत्र्यांवर. घोड्याला अंगभर घाम येतो. ओझं ओढून तो घामेजला की तो घाम त्याच्याच अंगावर गोठतो. कुत्र्याचं तसं होत नाही. त्याची लोकर कोरडी राहते, आणि वादळ आलं तर नाकावर शेपटी घेऊन ते बर्फातच गुंडाळून झोपतं. म्हणजे जे शरीर उणे तीसमध्ये जिंकतं, तेच आपल्याकडच्या उन्हात अडचणीत येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आमुंडसेनची गंमत बघा. त्याला कुत्री न्यायची होती दक्षिण ध्रुवाकडे, पण ती आणली होती ग्रीनलँडहून. ऑगस्ट १९१० मध्ये त्याचं 'फ्राम' जहाज नॉर्वेहून निघालं, तेव्हा डेकवर ९७ कुत्री होती. मध्ये अख्खा उष्ण कटिबंध. जाड लोकरीची ही कुत्री विषुववृत्त ओलांडून न्यायची, तीही अशा जहाजावर जिथे पळायला मैदान नाही!

त्याने काय केलं? जहाजाच्या मूळ डेकवर थोडं अंतर सोडून फळ्यांचा दुसरा डेक टाकला. पाणी आलं तर खालून वाहून जाईल, हवा खेळती राहील आणि कुत्री तापलेल्या किंवा ओल्या लाकडावर बसणार नाहीत. वर कापडाचं छत ताणलं, सावलीसाठी. प्रत्येक खलाशाला ठराविक कुत्री वाटून दिली. त्यांचं खाणं, पिणं, साफसफाई, सगळं त्याच माणसाने बघायचं. सुरुवातीला कुत्री बांधलेली होती. एकमेकांची ओळख झाल्यावर त्यांना मुसकी घालून मोकळं सोडलं. आता कापाकापी होणार म्हणून सगळे श्वास रोखून बघत होते. पण चावताच येत नाही म्हटल्यावर भांडणाचा उत्साह लवकरच ओसरला.

जानेवारी १९११ मध्ये फ्राम अंटार्क्टिकाच्या व्हेल्सच्या उपसागरात पोचलं, तेव्हा जहाजावर कुत्री किती होती? ११६! वाटेत पिल्लं झाली होती. सावली, हवा, मोकळं फिरणं आणि ओळखीचा एक माणूस, एवढ्या भांडवलावर ध्रुवीय कुत्र्यांनी विषुववृत्त पार केलं.

पुढे आला हिवाळा. त्यांच्या तळाचं नाव होतं फ्रामहाइम. तिथे एप्रिलच्या शेवटी सूर्य मावळला तो थेट ऑगस्टच्या शेवटी उगवला. चार महिने अंधार. आता व्यायाम कसा द्यायचा? आमुंडसेनच्या माणसांनी मोठे तंबू ठोकले, त्यांची जमीन बर्फात खोल खणली आणि ती झाली कुत्र्यांची घरं. रात्री सगळी कुत्री आत बांधायची. सकाळी सोडायची आणि मग दिवसभर ती मोकळी. वाटेल तिथे हुंदडा, भांडा, झोपा. संध्याकाळी जेवायला हजर. जेवण म्हणजे एक दिवस सीलचं मांस, दुसऱ्या दिवशी सुका मासा. मांसाच्या कोठारावर मात्र डल्ला पडू नये म्हणून बर्फाची उंच भिंत बांधावी लागली. कुत्री शेवटी कुत्रीच.

मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळोखात 'आज इतके किलोमीटर पळवा' असा नियम नव्हता. किती पळायचं आणि कधी आडोशाला बसायचं, हे बहुतेक वेळ कुत्रीच ठरवत होती. निर्णय त्यांच्या शरीरावर सोडला होता.

आणि मग याच हुशार माणसाने उलटं केलं.

आमुंडसेनला धास्ती होती ती स्कॉटच्या मोटर स्लेजची. आपण तळावर बसून राहायचो आणि तो पुढे निघून जायचा! आमच्या क्षेत्रात याला म्हणतात डेडलाइनचं भूत. तयारी झालेली नसते, पण समोरची कंपनी आधी बाजारात उतरेल या भीतीने माल पुढे ढकलला जातो. ८ सप्टेंबर १९११ ला आठ माणसं आणि कुत्र्यांच्या तुकड्या निघाल्या. सुरुवातीला हवा बरी होती. तीन-चार दिवसांत पारा उणे ५५ च्या खाली गेला. होकायंत्रांमधला द्रव गोठला. दिवसभर ओढून थकलेली कुत्री रात्री उघड्यावर पडायची आणि सकाळी त्यांना उठवतच नव्हतं. पंजे गारठून गेले.

खरं तर कुत्र्याच्या पायात निसर्गाने छान सोय केलेली असते. पंज्याकडे जाणारं गरम रक्त आणि परत येणारं थंड रक्त अगदी शेजारून वाहतं, त्यामुळे परत येणारं रक्त वाटेतच तापतं. पण या सोयीलाही मर्यादा असते. उणे ५५ मध्ये, श्रमाने थकलेल्या अंगाला ती पुरली नाही.

शेवटी ८० अक्षांशावरच्या साठ्यापाशी सामान टाकून सगळे माघारी फिरले. काही कुत्री वाटेतच मेली. तीन माणसांच्या टाचा हिमदंशाने गेल्या. परतीच्या शेवटच्या दिवशी तर पांगापांग झाली. आमुंडसेन पुढे निघून गेला, आणि यालमार योहान्सन हा जुना जाणता माणूस मागे पडलेल्या सोबत्याला सांभाळत कितीतरी तासांनी तळावर पोचला. सकाळी त्याने आमुंडसेनला सगळ्यांसमोर सुनावलं. त्याची शिक्षा म्हणून त्याला ध्रुवाच्या तुकडीतून वगळण्यात आलं.

दुसऱ्यांदा ते निघाले ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पाच माणसं, चार स्लेज, ५२ कुत्री. तोपर्यंत थंडी बरीच उतरली होती, पण बदलली होती ती चाल. दिवसाला साधारण २८ किलोमीटर, पुढे ३७ च्या आसपास, आणि मग थांबायचं. हवा छान आहे, कुत्र्यांत दम आहे, तरी थांबायचं. पाच-सहा तासांत अंतर संपायचं आणि उरलेला दिवस विश्रांती. १४ डिसेंबर १९११ ला ते ध्रुवावर पोचले. जिंकवलं कशाने? माझ्या मते, 'अजून जाता येईल' असं वाटत असतानाच थांबण्याने.

इथपर्यंत ऐकून आमुंडसेन फार प्राणिप्रेमी होता असं वाटेल. थांबा. पठारावर चढून गेल्यावर त्यांनी २४ कुत्री गोळ्या घालून मारली, बाकीच्यांच्या आणि स्वतःच्याही पोटासाठी. हे आधीच ठरलं होतं, हिशोबात बसवलेलं होतं. त्या जागेला त्यांनी नावच दिलं 'खाटिकखाना'. निघालेल्या ५२ पैकी ११ परत आली. म्हणजे ती सगळी काळजी, ती सावली, ते तंबू, यामागे माया होती का? माणसांना आपापल्या कुत्र्यांचा लळा होता, त्यांच्या लेखनात तो दिसतो. पण योजना मायेवर उभी नव्हती, ती हिशोबावर होती. मला हा भाग गोड करून सांगायचा नाही.

आता दुसरं जहाज, शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स'. जानेवारी १९१५ मध्ये ते वेडेल समुद्रात बर्फात अडकलं ते कायमचं. कुत्री जहाजावर कुजायला नकोत म्हणून त्यांना बर्फावर उतरवलं आणि जहाजाभोवती त्यांच्यासाठी बर्फाची घरं बांधली. डॉग आणि इग्लू मिळून खलाशांनी नाव पाडलं 'डॉग्लू'. साखळीचं टोक बर्फात पुरायचं, वर पाणी ओतायचं. पाणी गोठलं की खुंटा तयार!

प्रवास तर थांबलेला. मग कुत्र्यांना पळवायचं कशाला? पण सहा तुकड्या केल्या, प्रत्येकीला एक माणूस नेमला आणि अंधारातही फेऱ्या चालू ठेवल्या. १५ जून १९१५ ला भर हिवाळ्यात शर्यत झाली, 'अंटार्क्टिक डर्बी'. सगळ्यांना सुट्टी. दुपारच्या अंधुक उजेडात, उणे अठराच्या आसपासच्या थंडीत, पाच तुकड्या साधारण ६४० मीटर धावल्या. सुरुवातीच्या जागेला त्यांनी नाव दिलं होतं खैबर खिंड! पैजा लागल्या चॉकलेट आणि सिगारेटच्या. फ्रँक वाइल्डची तुकडी २ मिनिटं १६ सेकंदांत जिंकली.

हा व्यायाम कुत्र्यांसाठी होता की माणसांसाठी? मला वाटतं, तोपर्यंत हा फरक उरलाच नव्हता. काळोखात अडकलेल्या माणसाला रोज अंथरुणातून उठून बाहेर पडायला एक कारण लागतं. ते कारण बाहेर साखळीला बांधलेलं असायचं आणि भुंकत असायचं. लॉकडाऊनमध्ये ज्यांच्या घरी कुत्रं होतं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेवट मात्र तोच. जहाज फुटलं, बुडालं. खाणं संपत आलं तशी कुत्री टप्प्याटप्प्याने मारली गेली, शेवटची १९१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये. त्या तुकडीतली २८ च्या २८ माणसं जिवंत परतली. कुत्रं एकही नाही.

पुढे कित्येक दशकं अंटार्क्टिकावर कुत्री राहिली. मग १९९१ चा माद्रिद करार आला. कुत्र्यांचे रोग सीलमध्ये पसरतील या भीतीने १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळी कुत्री हलवायचं ठरलं. ब्रिटिश तळावरची शेवटची हस्की कुत्री फेब्रुवारी १९९४ मध्ये निघाली. आज गोव्याच्या संस्थेमार्फत आपले शास्त्रज्ञ तिथल्या 'मैत्री' तळावर जातात, त्यांना तिथे एकही कुत्रं दिसत नाही.

आणि हस्की दिसतात कुठे? पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये. म्हणून आता सुरुवातीची गोष्ट पुन्हा काढतो. घाम न येणारं हे शरीर आपल्या उन्हाळ्यात कसं वागतं? मुंबईच्या दमट हवेत जिभेवरचा ओलावा लवकर उडत नाही, म्हणून धापा टाकून फारसा उपयोग होत नाही. विदर्भात हवा कोरडी, पण ती कुत्र्याच्या अंगापेक्षाही गरम. त्यात डांबरी रस्ता. हाताची मागची बाजू रस्त्यावर काही सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याच्या पंज्यांनाही सोसवणार नाही. आणि हे फक्त हस्कीचं नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर साधं धापणंही जड जातं.

मग करायचं काय? तेच, फ्रामवर केलं ते. सावली, खेळती हवा, पाणी. सूर्य उगवायच्या आधी फिरणं. दुपारी घरातच खाऊ लपवून शोधायला लावणं, कारण नाकाच्या कामानेही कुत्रं छान दमतं. आणि चालताना ते थांबलं, सावलीत बसलं, तर ओढायचं नाही. झोकांड्या देत असेल, लाळ फार गळत असेल, हिरड्या लालभडक झाल्या असतील, तर लगेच साध्या पाण्याने अंग भिजवायचं, वारा घालायचा आणि डॉक्टर गाठायचा.

गल्लीतलं कुत्रं बघा. भर दुपारी ते कधी पळताना दिसतं का? गाडीखाली, गटाराच्या कडेला, उकरलेल्या ओल्या मातीत पडलेलं असतं. त्याची वेळ तेच ठरवतं, फ्रामहाइमच्या कुत्र्यांसारखं. आपल्या घरातल्याला ही मुभा नाही. ते आपल्या ऑफिसच्या वेळेवर, आपल्या मीटिंगवर, आपल्या 'आज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत' वर चालतं. आणि अवघड भाग हा, की ते नाही म्हणत नाही. सप्टेंबर १९११ मध्ये त्या कुत्र्यांनीही नाही म्हटलं नव्हतं. दोरी ओढली, तशी ती चालत राहिली.

आमुंडसेनला निदान ध्रुव गाठायचा होता. आपल्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन यायचंय. एवढ्यासाठी घाई कशाला?

हा भाग आवडला असेल, तर दुपारी बारा वाजता कुत्र्याला फिरवणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या, आणि दारात एक पाण्याचं भांडं ठेवा.