१० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद

"आता कुठं राहिलीय जात? जग किती बदललं!" हे वाक्य मला वर्षातून दोनदा हमखास ऐकायला मिळतं. एकदा चौदा एप्रिलला, आपल्याच मंचावर बोलावलेल्या पाहुण्यांकडून. आणि एकदा जून-जुलैत, प्रवेशाच्या रांगेत शेजारी उभ्या असलेल्या पालकांकडून. दोघांनाही मी एकच सांगतो. जग बदललं हे खरंच आहे. पण ते बदललं याचा पुरावा आमच्याकडे कुणी मागत नाही. पुरावा मागतात तो बदलण्याआधीचा.

या वर्षी माझ्या पुतणीने अभियांत्रिकीचा अर्ज भरला. आमच्या घरात जात वैधता प्रमाणपत्र काढायची वेळ आलेली ती पहिलीच. माझं एम. ए. जातीच्या दाखल्यावर निभावलं, भावाचं शिक्षण बारावीला थांबलं. त्यामुळे वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाचीच वैधता नाही. कार्यालयातल्या माणसाने फाईल चाळली आणि म्हणाला, "१० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महसुली किंवा शाळेचा पुरावा जोडा." ही तारीख त्याच्या मनातली नाही. त्या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला, म्हणून अनुसूचित जातीच्या माणसाला आपलं कुळ त्या तारखेच्या मागे नेऊन दाखवावं लागतं.

मागे नेऊ म्हटलं, तर मागे काय आहे?

आजोबांचा जन्म अंबड तालुक्यातल्या एका गावात, निजामाच्या राजवटीत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलिस ॲक्शन होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. शाळेत कधी गेले नाहीत. त्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू, वरचं शिक्षण उर्दूत, आणि महारवाड्यातल्या पोराने पाटी हातात घ्यायची म्हटली तर आधी गावाशी भांडण. म्हणजे प्रवेश-निर्गम उतारा नाही. जमीन नाही, म्हणून सातबारा नाही, पहाणी पत्रकात कब्जेदार म्हणून नाव नाही. ज्याला काही मिळूच दिलं नाही, त्याने ते मिळाल्याची पावती कुठून आणायची?

आता आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. त्यानंतर निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. उर्दू आणि मोडी वाचणारे बसवले गेले, हैदराबादपर्यंत दप्तरं धुंडाळली गेली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णयही निघाला. गरीब मराठा शेतकऱ्याच्या लेकराशी माझं भांडण नाही, त्यालाही शिकायचंय. पण एक फरक नोंदवून ठेवला पाहिजे. तिथे कागद शोधायला सरकार स्वतः निघालं. आमच्या पोरीसाठी २००० सालच्या जात पडताळणी कायद्याचं कलम ८ आहे, ज्यात सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. कागद नसणाऱ्यांसाठी चौकशीची वाट नियमात आहे, पण खिडकीवर गेलं की पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

मधल्या पिढीची गोष्ट तर आणखी अवघड. १९५६ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. आजोबा नागपूरला गेले नव्हते. पण बातमी गावात आली आणि त्यांनी घरातले देव उचलून नदीत सोडले. वडील १९५९ चे. त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी समजावलं होतं, "हिंदू-महार लिहू द्या, पोराला पुढं उपयोगी पडेल." आजोबांनी ऐकलं नाही. दाखल्यावर 'बौद्ध' एवढंच लिहिलं गेलं.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी खाऊन घर जगलं आणि मग गाव सोडून जुन्या जालन्यात आलं. वडील इथे मॅट्रिक झाले. महाराष्ट्र सरकार बौद्धांना सवलत देत होतं, पण केंद्र देत नव्हतं. १९५० च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ ला शीख आले, बौद्ध आले ते थेट १९९० ला, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. धर्मांतरापासून चौतीस वर्षं. या चौतीस वर्षांत आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर असलेलं रेल्वे स्टेशन वडिलांसाठी दुसऱ्या देशात होतं. गल्लीतले दोघंजण दाखल्यावर 'हिंदू-महार' असल्यामुळे रेल्वेत लागले. त्यांच्या घरातही बुद्धाचीच मूर्ती होती. मी त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच असतं. वडिलांचा अर्ज मात्र खुल्या जागेत गेला आणि तिथेच राहिला. कायदा बदलला तेव्हा ते लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये होते आणि दोन पोरांचे बाप झाले होते.

एम. ए.ला आम्हाला सामाजिक गतिशीलता शिकवली. बाप मजूर आणि मुलगा कारकून झाला की एक पायरी वर, असा तो हिशेब. आजोबांनी 'बौद्ध' लिहायला लावलं ते कोणत्या रकान्यात धरायचं, हे त्या पुस्तकात नव्हतं. माझ्या मते आमच्या घरात झालेला सगळ्यात मोठा बदल तोच होता. आणि आज फाईलमध्ये तीच त्रुटी ठरलीय: "वडिलोपार्जित जातीचा उल्लेख आढळत नाही."

शेवटी कागद सापडला. आजोबांचे वडील गावचे येसकर होते. महारकीच्या इनामाचा तुकडा होता, त्यासंबंधीची एक नोंद चुलत घराण्यातल्या म्हाताऱ्या आत्याने पत्र्याच्या पेटीत जपली होती. १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्या वेळी ती पेटी डोक्यावर घेऊन आत्या रात्रभर ज्वारीच्या रानात बसली होती. आत काय लिहिलंय हे तिला माहीत नव्हतं. कागद सरकारी आहे एवढं माहीत होतं.

कागद उर्दूत होता. जुन्या जालन्यातल्याच एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी भिंग लावून तो वाचून दिला, चहाशिवाय काही घेतलं नाही. फसली सालात ५९० मिळवायचे, हेही त्यांनीच शिकवलं. नोंदीत पणजोबांचं नाव होतं, त्याला शेवटी तुच्छतेचा 'या' लावलेला. पुढे 'वल्द' म्हणजे बापाचं नाव, तेही तसंच. त्यानंतर जात आणि काम. दीड ओळ.

याच वतनावर बाबासाहेबांनी घाव घातला होता. मुंबई कायदेमंडळात १९२८ लाच त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये इथे निजामाच्या मुलखात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तिथेही ते आले होते. तुकडाभर जमिनीसाठी पिढ्यानपिढ्या गावाची चाकरी, तीही रात्री-अपरात्री. त्या चाकरीच्या नोंदीत आमच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं. ती चाकरी सोडली, तो धर्म सोडला, ते गाव सोडलं, तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कामाला येईल असा एकही कागद नाही.

पुतणीने कागद बराच वेळ हातात धरला. तिला उर्दू येत नाही, मलाही येत नाही. मग म्हणाली, "काका, यांचं खरं नाव काय असेल?" मी शिक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बेटा, लिहिणाऱ्याने जे लिहिलं तेच मी वाचू शकतो."

तिला ते नाव अर्जात जसंच्या तसं लिहायचं नव्हतं. घरात दोन दिवस वाद झाला. भाऊ म्हणाला, अक्षर बदललं तर फाईल परत येईल. शेवटी वंशावळीच्या शपथपत्रात तिने दोन्ही लिहिलं, नोंदीतलं नाव आणि कंसात आत्याने सांगितलेलं नाव, ज्या नावाने घरचे त्यांना हाक मारत. आता अधिकृत भाषांतरकाराच्या शिक्क्यासह मराठी प्रत मागितली आहे. पुढची तारीख सोमवारची आहे.