गुणाकाराचा मोडलेला नियम

पाचास तिनाने गुणले काय किंवा तिनास पाचाने गुणले काय, उत्तर पंधराच येते, हे पाढे म्हणणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. बेरजेचेही तसेच. इतक्या उघड गोष्टीस नाव द्यावे असे गणितज्ञांना शतकानुशतके वाटले नाही, यात नवल नाही.

वापरात मात्र हे नियम होतेच. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. बाराचे आठ व चार असे खंड पाडून दोन्ही गुणाकार मिळवावेत. किंवा आधी तिनाने व मग चाराने गुणावे. किंवा विसाने गुणून आठपट वजा करावी. उत्तर प्रत्येक वेळी १६२०. पहिल्या व तिसऱ्या रीतीत आजचा वितरणाचा नियम आहे, दुसरीत साहचर्याचा. आचार्यांना रीत शिकवायची होती; नियमाचे बारसे त्यांनी केले नाही.

ते झाले एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समधील सेर्व्हा यांनी १८१४ मध्ये क्रमनिरपेक्षता आणि वितरण या गुणांना नावे दिली. तरी संख्यांच्या राज्यात हे नियम मोडतील अशी शंका घेण्याजोगे काही दिसत नव्हते.

डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांना वेगळाच ध्यास होता. सपाट पृष्ठावरील बिंदू दोन घटकांच्या संमिश्र संख्यांनी दाखविता येतात; त्यांची बेरीज होते, गुणाकारही होतो. मग त्रिमितीय अवकाशासाठी तीन घटकांच्या संख्या का नसाव्यात? १८४३ च्या ऑक्टोबरात त्यांची मुले न्याहारीच्या वेळी रोज विचारीत, की त्रिकुटांचा गुणाकार साधला का? वडील खिन्नपणे मान हलवीत. बेरीज-वजाबाकी तेवढी येत होती.

१६ ऑक्टोबरला पत्नीसह कालव्याच्या काठाने रॉयल आयरिश अकादमीच्या सभेस जाताना ब्रूम पुलापाशी त्यांना उलगडा झाला. घटक तीन नव्हे, चार हवेत. अ, ब, क या तीन नव्या राशी घ्याव्यात. प्रत्येकीचा वर्ग उणे एक. अ ला ब ने गुणले की क. पण ब ला अ ने गुणले की उणे क! हॅमिल्टन यांनी चाकूने ते सूत्र पुलाच्या दगडावर कोरले. ती अक्षरे पुढे झिजून गेली; आज तेथे १९५८ मध्ये बसविलेली स्मृतिशिला आहे.

चौथा घटक घेण्यापेक्षा क्रमनिरपेक्षता सोडणे हेच खरे धाडस होते. वस्तुतः त्याची साक्ष घरातले पुस्तकही देते. उभे पुस्तक आधी पुढे पाडून मग टेबलावर पाव फेरा फिरवावे, नंतर तेच उलट क्रमाने करावे. दोन्ही वेळा ते वेगळ्या स्थितीत पडते. अवकाशातील फिरण्याला क्रम असतो. म्हणूनच या संख्या आज अंतराळयानांची दिशा राखण्यास उपयोगी पडतात.

एक बांध फुटल्यावर दुसराही टिकला नाही. हॅमिल्टन यांचे मित्र जॉन ग्रेव्ह्ज यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात आठ घटकांच्या संख्या रचल्या. त्यांत गुणाकाराचे साहचर्यही नाही, हे १८४४ मध्ये हॅमिल्टन यांच्याच ध्यानात आले, आणि त्या गुणास नाव देण्याचे कामही त्यांच्याचकडे आले. बेरजेला मात्र कुठेच धक्का लागला नाही. आणि बाराचे आठ-चार करणारा वितरणाचा नियम दोन्हीकडे शाबूत राहिला.